एर्कोलानोच्या घरांखालचे रोमन नगर

नेपल्स शहरातून निघणारी सर्कमवेसुव्हियाना ही लहान आगगाडी वीसेक मिनिटांत ‘एर्कोलानो स्काव्ही’ या स्थानकावर पोहोचते. ‘स्काव्ही’ म्हणजे उत्खनने. स्थानकाबाहेर पडले की एक सरळ रस्ता समुद्राच्या दिशेने उतरत जातो. दोन्ही बाजूंना औषधांची दुकाने, फळवाले, कॉफीची टपरीवजा दुकाने, वरच्या मजल्यांच्या सज्जांतून वाळत घातलेले कपडे. हा रस्ता संपतो तेथे एक कमान आहे. कमानीतून आत गेल्यावर अवशेष समोर दिसत नाहीत. ते दिसतात खाली. जमिनीत जणू एक प्रचंड चौक खोदलेला असावा आणि त्याच्या तळाशी छपरांसह, मजल्यांसह, रस्त्यांसह एक अख्खे गाव ठेवलेले असावे, असे ते दृश्य आहे. हे हर्क्युलेनियम. खड्ड्याच्या काठावर मात्र आजच्या एर्कोलानो गावाच्या इमारती अगदी खेटून उभ्या आहेत.

इतिहासाच्या पुस्तकांतून पॉम्पेई आपल्या ओळखीचे असते. त्याच दिवशी, त्याच ज्वालामुखीने गाडलेले हर्क्युलेनियम तुलनेने अपरिचित आहे. याचे एक कारण त्याचा आकार. मूळ नगर अंदाजे वीस हेक्टरांचे असावे, असे मानले जाते. त्यापैकी सुमारे साडेचार हेक्टर भाग आजवर उघडा झाला आहे. नगराची चौकसभा, मुख्य देवळे, नाट्यगृह यांसारखे महत्त्वाचे भाग अद्याप बहुतांशी जमिनीखालीच आहेत, आणि त्या जमिनीवर माणसे राहतात. वरची घरे पाडून खालचे नगर उघडे करावे काय, हा प्रश्न येथे जवळजवळ तीनशे वर्षे या ना त्या रूपाने विचारला जात आहे.

गाडले गेले कसे?

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस जागा झाला. परंपरेने ही तारीख २४ ऑगस्ट मानली जाते; २०१८ साली पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडल्यानंतर ही घटना ऑक्टोबरात घडली असावी, या मताला बळ मिळाले. पर्वतातून उसळलेला राखेचा स्तंभ वाऱ्याने आग्नेयेस ढकलला आणि पॉम्पेईवर तासन्‌तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. हर्क्युलेनियम पर्वताच्या पश्चिमेस, त्याच्या अधिक जवळ. पण वारा उलट दिशेचा असल्याने पहिल्या दिवशी तेथे फारसे काही पडले नाही. लोकांना पळायला वेळ मिळाला तो यामुळे.

रात्री चित्र पालटले. तो स्तंभ स्वतःच्याच भाराने कोसळू लागला आणि तप्त वायू, राख व खडकांचे लोट पर्वताच्या उतारावरून अतिशय वेगाने खाली आले. असे लोट एकामागून एक येत गेले व त्यांनी नगर तळापासून वरपर्यंत भरून काढले. पॉम्पेईवरील थर साधारण चार ते सहा मीटरांचा आहे. हर्क्युलेनियमवर तो वीस मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक आहे. शिवाय थंड होताना या थराचा कठीण दगड झाला. पॉम्पेई फावड्याने उकरता येते, हर्क्युलेनियम छिन्नीने फोडावे लागते, एवढा हा फरक आहे.

मात्र याच दगडाने जे राखले, ते रोमन जगात इतरत्र क्वचितच राहिले आहे. पहिल्या लोटाच्या उष्णतेने लाकूड जळून राख होण्याऐवजी त्याचा कोळसा झाला आणि पाठोपाठ आलेल्या थराने त्याचा हवेशी संबंध तोडला. त्यामुळे येथे दारे आहेत, तुळया आहेत, खाटा आहेत, घराच्या दालनात आडोसा करणारी लाकडी सरकती दारे आहेत. एक पाळणाही सापडला. गोल, फाके पाडलेला एक पाव सापडला, त्यावर तो भाजणाऱ्या सेलर नावाच्या गुलामाचा आणि त्याच्या धन्याचा शिक्का स्पष्ट वाचता येतो. पॉम्पेईत आपल्याला बहुधा भिंती दिसतात. येथे दुसरा मजला दिसतो, वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली दिसते, लाकडी सांगाडा व दगडमातीचे भरण घालून स्वस्तात बांधलेले घर दिसते. राजेरजवाड्यांचा नव्हे, तर सामान्य कुटुंबांचा रोम पाहायचा असेल तर या चार-पाच गल्ल्यांइतकी दुसरी चांगली जागा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विहीर आणि भुयारे

या नगराचा पत्ता लागला तो एका विहिरीमुळे. त्या काळी या गावाचे नाव रेसिना होते. एर्कोलानो हे नाव अधिकृतपणे आले १९६९ साली. १७१० च्या सुमारास येथे विहीर खोल करताना संगमरवराचे तुकडे निघाले. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील एक सरदार, एल्बफचा राजपुत्र, जवळच आपला वाडा बांधत होता व त्याला संगमरवर हवाच होता. त्याने ती जागा विकत घेतली आणि तळातून आडवी भुयारे खणवली. विहीर नेमकी प्राचीन नाट्यगृहावर उतरली होती, हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. त्याला मिळालेले स्त्रियांचे तीन सुंदर पुतळे व्हिएन्नाला गेले आणि पुढे ड्रेस्डेनला. आजही ते तेथेच आहेत.

१७३८ साली नेपल्सचा बोर्बन राजा चार्ल्स याने हे काम सरकारी पातळीवर हाती घेतले. रोके होआकिन दे आल्कुबिएरे हा स्पॅनिश लष्करी अभियंता प्रमुख झाला. राजाला हवे होते ते पुतळे व चित्रे. नगर समजून घेणे हा हेतू नव्हता. कैद्यांकडून मशालींच्या उजेडात, कोंदट हवेत भुयारे खोदली जात. भिंत आडवी आली तर ती फोडून पलीकडे जात. मनास आले ते भित्तिचित्र कापून काढीत आणि एक भुयार रिकामे झाले की पुढच्याचा राडारोडा त्यात भरीत. जर्मन कलेतिहासकार विंकेलमान यांनी १७६२ मध्ये या कारभारावर जाहीर टीका केली. भिंतीवरील शिलालेखाची ब्राँझची अक्षरे आधी नकलून न घेताच काढून टोपलीत भरल्याचा किस्सा त्यांनीच नोंदवून ठेवला आहे. आल्कुबिएरेच्या हाताखालचा स्विस अभियंता कार्ल वेबर मात्र वेगळ्या मातीचा होता. कोणती वस्तू कोणत्या खोलीत सापडली याची नोंद ठेवणे, अंधारात चालून वास्तूचे आराखडे काढणे, हे त्याने चिकाटीने केले. त्याचे नकाशे आजही वापरात आहेत.

नाट्यगृह आजही त्याच अवस्थेत, जमिनीखालीच आहे. उत्खननाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून थोड्या अंतरावर, गावातील हमरस्त्यालगतच्या एका साध्या इमारतीतून जिना खाली उतरतो. अठराव्या शतकात युरोपचे उमराव हाती मशाल घेऊन येथे उतरत. त्यांतील काहींनी भिंतींवर कोरलेली नावे अजून दिसतात. अलीकडच्या वर्षांत मोजक्या लोकांच्या गटांना, शिरस्त्राण घालून व मार्गदर्शकासह, काही काळ येथे प्रवेश दिला गेला. खाली संपूर्ण नाट्यगृह दृष्टीस पडेल अशी अपेक्षा ठेवून गेलेल्याची निराशा होते. दिसतात ते त्याचे तुकडे: भुयाराच्या एका वळणावर बैठकीच्या पायऱ्या, दुसऱ्या वळणावर रंगमंचाची कड, आणि वर पाहिले तर त्या जुन्या विहिरीतून येणारा उजेडाचा कवडसा. एके ठिकाणी पुतळ्याच्या चेहऱ्याचा ठसा दगडात उमटलेला आहे. पुतळा केव्हाच काढून नेला, चेहरा मात्र साच्यासारखा छतात राहिला. सुमारे अडीच हजार प्रेक्षकांची ही वास्तू मनात जुळवून घ्यावी लागते.

उघड्यावर आलेले नगर

भुयारे सोडून वरून मोकळे खोदण्याचा पहिला प्रयत्न १८२८ मध्ये झाला व काही वर्षांत रखडला. खरे काम झाले ते १९२७ पासून, आमेदेओ मायुरी यांच्या हातून. मुसोलिनीच्या राजवटीला प्राचीन रोमचे वैभव जगापुढे मांडायचे होते, त्यामुळे पैसा मिळाला. रेसिनातील घरे ताब्यात घेऊन पाडण्यात आली, दगड फोडण्यासाठी यंत्रे आली, आणि तीन दशकांत आज आपण पाहतो त्यातला बहुतांश भाग मोकळा झाला. मायुरी यांनी केवळ खोदले नाही. त्यांनी घरांवर पुन्हा छपरे घातली, मोडलेल्या तुळयांच्या जागी नव्या बसवल्या, वस्तू शक्य तेथे मूळ जागी ठेवल्या. घरोघर फिरणाऱ्या पाहुण्याला नगर जिवंत वाटावे, ही त्यांची दृष्टी होती.

येथे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९३८ साली याच मायुरींना पॉम्पेईतील एका घरात सुमारे पंचवीस सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती भारतात घडवलेली होती. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात ती लक्ष्मीपेक्षा यक्षी असण्याची शक्यता अभ्यासक अधिक मानतात. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात सापडली आणि पॉम्पेईची मूर्ती सातवाहनकालीन दख्खनमधून गेली असावी, असे मत त्यावरून मांडले गेले. मूर्ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. हर्क्युलेनियमचे उत्तमोत्तम ब्राँझ पुतळे व भित्तिचित्रेही तेथेच असल्याने, एर्कोलानोला जाणाऱ्याने या संग्रहालयासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.

मायुरींच्या काळात नगरात मानवी सांगाडे फारच थोडे मिळाले होते. त्यामुळे बहुतेक लोक वाचले असावेत, असा समज रूढ झाला. १९८० साली तो कोसळला. सांडपाण्याची व्यवस्था करण्यासाठी प्राचीन किनाऱ्यालगत खोदकाम चालू असताना तेथे सांगाडे आढळू लागले. किनाऱ्यावर होड्या ठेवण्यासाठी बांधलेल्या कमानदार कोठड्यांमध्ये लोक दाटीवाटीने आसऱ्याला थांबले होते, आत मुख्यतः स्त्रिया व मुले, बाहेर वाळूवर बहुतांशी पुरुष. आजवर तीनशेहून अधिक सांगाडे मोजले गेले आहेत. काहींच्या जवळ दागिने होते, नाणी होती, घराची किल्ली होती. समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने ते थांबले असावेत. १९८२ मध्ये जवळच एक उलटलेली, सुमारे नऊ मीटर लांबीची होडी मिळाली. २०२१ साली याच किनाऱ्यावर आणखी एक सांगाडा सापडला. त्याच्याजवळ लाकडी पेटी ठेवलेली पिशवी होती. हा प्राचीन किनारा २०२४ मध्ये पाहुण्यांसाठी खुला झाला. कोठड्यांसमोर उभे राहिल्यावर बहुतेक लोक आपोआप गप्प होतात. तेथे मांडलेल्या सांगाड्यांच्या प्रतिकृती आहेत, हे सांगूनही फरक पडत नाही.

उघडे पडण्याची किंमत

सतराशे वर्षे दगडात सुरक्षित असलेले नगर उघड्यावर आल्यानंतर पन्नास वर्षांत ढासळू लागले, ही या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय. मायुरींची छपरे काँक्रीट व लोखंडाची होती. लोखंड गंजले व काँक्रीट फुटले. पावसाचे पाणी भिंतींत मुरले. कबुतरांनी घरटी केली आणि त्यांच्या विष्ठेने भित्तिचित्रे खराब होऊ लागली. कोळसा झालेल्या तुळया ठिसूळ झाल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस नगराचा सुमारे दोनतृतीयांश भाग लोकांसाठी बंद करावा लागला होता.

शिवाय खड्ड्याचा एक स्वाभाविक दोष आहे. चारही बाजूंनी उंच जमीन असल्याने आजूबाजूचे सारे पाणी तेथे येते. किनाऱ्याची जमीन प्राचीन काळापासून खचत गेल्यामुळे जेथे कोठड्या आहेत तो वाळूचा पट्टा आज समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली आहे. पंप बंद पडले तर तळाशी तळे होईल.

२००१ साली अमेरिकेतील पॅकार्ड मानव्यविद्या संस्था व इटलीचे पुरातत्त्व खाते यांनी मिळून एक संवर्धन प्रकल्प सुरू केला. रोममधील ब्रिटिश स्कूल ही संस्थाही पुढे त्यात सामील झाली. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याने नवे खोदण्याऐवजी गळती थांबवण्याला प्राधान्य दिले. छपरे, पन्हळी, गटारे यांवर पैसा खर्च झाला. कबुतरांसाठी शिकारी पक्षी पाळणाऱ्यांना बोलावले गेले. रोमनांनीच बांधलेले भूमिगत निचऱ्याचे मार्ग साफ करून पावसाचे पाणी पुन्हा त्यांतून वाहू देण्यात आले. हे करताना एका गल्लीखालच्या जुन्या मोरीत शेकडो पोती भरतील एवढी वाळलेली मैल्याची माती मिळाली. दुकाने व त्यांच्यावरील बिऱ्हाडांतून दोन हजार वर्षांपूर्वी खाली पडलेला तो ऐवज होता. त्यात माशांची हाडे, अंड्यांची कवचे, अंजिराच्या बिया, ऑलिव्हच्या आठळ्या सापडल्या. वरच्या घरांत राहणारी माणसे श्रीमंत नव्हती, तरी त्यांचा आहार बऱ्यापैकी विविध होता, असे त्यावरून दिसते. गटार साफ करण्यासारख्या कामातून रोमच्या सामान्य माणसाच्या ताटाचा पत्ता लागावा, हे पुरातत्त्वाच्या स्वभावाला धरूनच आहे.

शेजारच्या पॉम्पेईत नोव्हेंबर २०१० मध्ये ‘स्कोला आर्मातुरारुम’ ही वास्तू पावसानंतर अक्षरशः एका सकाळी कोसळली आणि इटलीची जगभर नाचक्की झाली. त्या वेळी हर्क्युलेनियमच्या छपरांवर झालेल्या कामाचे मोल अनेकांच्या लक्षात आले.

मग आणखी खोदायचे का?

‘आता नको’ असे म्हणणारे तज्ज्ञ वर सांगितलेल्या अनुभवाचा दाखला देतात. उघडलेल्या साडेचार हेक्टरांची निगा राखताना दमछाक होत असेल तर पुढचा भाग उघडून तोही पावसाच्या हवाली का करायचा? दगडात तो आजवर टिकला आहे. तंत्र सुधारेल तेव्हा पाहता येईल. पटण्याजोगा युक्तिवाद आहे.

पण दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, आणि ते नगराच्या वायव्येस असलेल्या एका हवेलीचे आहे. १७५० मध्ये भुयारे खोदताना ती सापडली आणि १७५२ पासून तेथे कोळशाच्या काठ्यांसारख्या दिसणाऱ्या वस्तू निघू लागल्या. कामगारांनी काही फेकूनही दिल्या. त्या पापायरसच्या गुंडाळ्या होत्या. प्राचीन जगातील जागच्या जागी राहिलेला एवढा मोठा ग्रंथसंग्रह दुसरा कोणताही नाही. तुकडे धरून त्यांची संख्या अठराशेच्या घरात जाते. आंतोनिओ पिआज्जिओ या धर्मगुरूने त्या उलगडण्यासाठी दोऱ्यांनी हळूहळू ओढणारे यंत्र तयार केले. त्याने काही उलगडल्या, पण कित्येक या प्रयत्नांत नष्टही झाल्या. वाचता आलेला मजकूर बहुतांशी फिलोडेमस या एपिक्युरसपंथी तत्त्वज्ञाचा निघाला.

आता गुंडाळी न उलगडता वाचता येते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनी अनेक वर्षे या तंत्रावर काम केले. क्ष-किरणांनी गुंडाळीचे त्रिमितीय चित्र घ्यायचे, संगणकावर तिचे वेढे सुटे करायचे आणि काळ्या कोळशावरील काळी शाई कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शोधून घ्यायची, अशी ही रीत. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी ‘व्हेसुव्हियस चॅलेंज’ ही खुली स्पर्धा जाहीर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंद गुंडाळीतला पहिला शब्द वाचला गेला. तो ग्रीक शब्द जांभळ्या रंगाचा वाचक होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघा तरुणांच्या गटाने सलग परिच्छेद वाचून सात लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळवले.

या यशाने जुना वाद पुन्हा तापला. हवेलीचा मोठा भाग अद्याप खोदलेला नाही. सापडलेले ग्रंथ मुख्यतः ग्रीक आहेत. मग लॅटिन ग्रंथांचे दालन आणखी कोठे असेल काय, हा प्रश्न अभ्यासकांना स्वस्थ बसू देत नाही. रोमन साहित्यातील केवळ नावाने उरलेल्या ग्रंथांची यादी लांबलचक आहे. ते तेथे असतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. परंतु व्हेसुव्हियस पुन्हा पेटला तर शोधण्याची संधीच राहणार नाही, असे खोदकामाच्या बाजूचे लोक म्हणतात. प्रस्तुत लेखकाला वाटते की हवेली व नगर हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. एका ठराविक दालनाचा शोध घेणे आणि पूर्ण वस्ती उठवणे यांत फरक आहे.

वस्तीचा विचार या चर्चेत बहुधा शेवटी येतो. एर्कोलानो हे सुमारे पन्नास हजारांचे, दाट आणि फारसे सधन नसलेले गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील पुलियानो भागात जुन्या कपड्यांचा बाजार उभा राहिला, त्याचे मूळ दोस्त राष्ट्रांच्या लष्करी मालमोटारींतून पसार झालेल्या मालात होते, असे गावकरीच हसत सांगतात. तो बाजार आजही भरतो. उत्खननाच्या कडेची गल्ली अनेक वर्षे मोडकळीस आलेल्या घरांसाठी बदनाम होती. अवशेषांना भेट देण्यासाठी लाखो पर्यटक येत, पण ते स्थानकावरून सरळ खाली उतरत आणि तसेच परत जात. गावाला त्याचा लाभ बेताचाच. संवर्धन प्रकल्पाने पुढे गावातील शाळा व रहिवासी यांना सोबत घेण्याकडे लक्ष दिले. मायुरींच्या काळी घरे गमावलेल्यांच्या वारसांना ‘खालच्या नगरा’विषयी आपुलकी वाटावी, यासाठी ते आवश्यकच होते.

व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये झाला. त्यानंतर तो शांत असला तरी त्याच्यावर रात्रंदिवस उपकरणांचे लक्ष आहे. त्याआधी १६३१ च्या मोठ्या उद्रेकात रेसिनाची वाताहत झाली होती. लोकांनी त्याच जागी पुन्हा घरे बांधली. आज ज्वालामुखीभोवतीच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात पंचवीस नगरपालिका येतात आणि सुमारे सात लाख लोक राहतात. एर्कोलानो या पट्ट्याच्या अगदी मध्यावर आहे. धोक्याचा इशारा मिळाल्यास संपूर्ण पट्टा बहात्तर तासांत रिकामा करायचा, अशी सरकारी योजना आहे, आणि प्रत्येक गावाची जोडी इटलीच्या दूरच्या एखाद्या प्रांताशी आधीच लावून ठेवलेली आहे. कोणी कोणत्या स्थानकावरून निघायचे आणि कोठे उतरायचे, हे त्यात ठरलेले आहे.